तळहातातला ठोका

बालकॅरनच्या गोल्फ क्लबात नवा पटर आला तेव्हा मॉरा लेंगने तो सगळ्यांत आधी दर गुरुवारी एकत्र खेळणाऱ्या मंडळींच्या हातात दिला, कारण गावात सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्याच असत. मॉरा क्लबची गोल्फ-शिक्षिका होती, आणि दारालगतचं छोटं दुकानही तीच चालवायची. चेंडू मैदान ओलांडून हिरवळीवर येऊन पोचला की तिथून पुढे त्याला अलगद खळग्यात लोटायचं, एवढंच पटरचं काम. पण माणसाचा सगळा खेळ, आणि बालकॅरनमध्ये तर त्याची पुढच्या गुरुवारपर्यंतची झोपही, एवढ्याशा त्या कामावर अवलंबून असायची. बनवणाऱ्यांना म्हणे खऱ्या खेळणाऱ्यांचं मत हवं होतं. दिसायला कसा, हाताला कसा लागतो, चेंडू कसा धावतो.

"दिसायला म्हणशील तर," मटणाचं दुकान असलेला गिलक्रिस्ट एक डोळा मिटून पटरच्या पात्याकडे बघत म्हणाला, "माझ्या मेव्हण्यासारखा आहे. काळा सूट, गुळगुळीत चेहरा, आणि मनात काय चाललंय पत्ता लागत नाही."

टॅम पर्डीला चेंडूचं धावणं आवडलं. एरवी पटर लागल्याबरोबर चेंडू आधी जराशी उडी मारतो आणि मग धावतो. इथे तो पहिल्या क्षणापासून गवताला चिकटून धावत होता. पर्डीने हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलं नव्हतं.

"आणि डॉक्टर, तुम्ही?" मॉराने विचारलं. "हाताला कसा लागतो?"

वॉलेस इमरी गुरांचा डॉक्टर होता. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, वासरू कुठे कसं अडकलंय हे डोळे मिटून सांगण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि आता काम सुटलं तरी हातांची ती सवय सुटली नव्हती. कुठल्याही गोष्टीबद्दल तो आधी हातांना विचारायचा. त्याने चेंडूला हलकेच ढकललं. चेंडू लागल्याचा ठोका दांड्यातून वर चढत तळहातात आला आणि तिथे क्षणभर रेंगाळला.

"वासराने बोट चोखावं आणि सोडून द्यावं," तो म्हणाला, "तसं काहीतरी."

"पाज आता त्याला दूध!" गिलक्रिस्ट म्हणाला, आणि पटर त्याच्या हातातून ओढून घेतला.

वॉलेस बाकावर जाऊन बसला. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून त्याने हिरवळीकडे पाठ फिरवून समुद्राकडे तोंड केलं आणि हात कोटाच्या खिशात घातले. तेव्हा त्याच्या तळहातांना ठोका लागला. चेंडू मारल्याचा, स्पष्ट. पाठोपाठ मागून गिलक्रिस्टची शिवी ऐकू आली. त्याचा चेंडू खळग्याच्या कडेवरून निसटला होता. वॉलेसने हात खिशातून काढून पाहिले, मग परत घातले. पुन्हा ठोका, जरा जोराचा, आणि पुन्हा शिवी.

मघाचाच अनुभव अजून हातात राहिला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण दुकान बंद व्हायच्या आधी तो मॉराकडे गेला आणि पटर काही दिवस घरी न्यायला मागितला; तिनेही आनंदाने दिला.

घर म्हणजे गल्लीच्या टोकाचं, मागचं दार थेट अठराव्या, शेवटच्या हिरवळीकडे उघडणारं. बायको, उना, असताना ते घर लहान वाटायचं. ती गेल्यापासून वॉलेस स्वयंपाकघरात राही, झोपायला वर जाई आणि मधल्या खोल्यांतून पाहुण्यासारखा, कशाला धक्का न लावता, ये-जा करी. मुलगी एल्सपेथ कॅनडात हॅलिफॅक्सला होती. ती रविवारी फोन करायची, तिकडचा बर्फ आणि इकडचा पाऊस यांची देवाणघेवाण व्हायची, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत वॉलेसचा आवाज फक्त दुकानदारांसाठी आणि गुरुवारच्या मंडळींसाठी उरायचा.

त्याने पटर दाराशी छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभा केला आणि मसुराच्या सुपासाठी गाजरं चिरायला घेतली. गाजर अर्धं चिरून झालं असेल, तोच सुरीच्या मुठीवरच्या हातात ठोका आला.

तो दाराशी जाऊन बघून आला. पटर होता तिथेच होता, छत्रीला टेकून. तो त्याच्याकडे बघत असतानाच पुन्हा एक ठोका आला. पटर हललाही नव्हता.

गावच्या तरुण डॉक्टरणीने त्याची मान इकडेतिकडे वळवून पाहिली, टाचणीने बोटं टोचली आणि सांगितलं की या वयात मानेतली नस दबते, हातांना काहीही भास होतात. वॉलेसने मान हलवली. दबलेली नस चेंडू पात्याच्या मधोमध लागला की कडेला, हे सांगत नाही, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर तिने निराळीच तपासणी सुचवली असती.

कारण ते त्याला कळत होतं. जो कुणी खेळत होता तो अगदी नवशिका होता. चेंडू कधी पात्याच्या दांड्याकडच्या टोकाला लागे आणि पटर हातात वळल्यासारखा होई. कधी भीत भीत मारलेला, अर्ध्यातच विझणारा ठोका येई. सकाळी न्याहारीच्या सुमाराला सुरू होई आणि दिवसभर अधूनमधून चाले. पहिल्या दिवसांची भीती हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी येऊन बसली ती जुन्या खेळाडूची चिडचिड. "अरे, मान वर कशाला करतोस?" एकदा चहा ओतताना तो मोठ्याने म्हणाला, आणि आपल्याच स्वयंपाकघरात आपला आवाज ऐकून दचकला.

मग एके दिवशी त्याने पटर उचलला, पुढच्या खोलीतली टेबलं सरकवली आणि गालिच्यावर चेंडू ठेवून एक साधा, बेताचा फटका मारला. थांबला. बऱ्याच वेळाने तळहातांना उत्तर आलं. वेडंवाकडं होतं, पण त्याच चालीचं होतं.

त्या दुपारी वॉलेस इमरी जेवायचं विसरला.

त्यानंतर त्याने पटर विकतच घेऊन टाकला. रोज सकाळी तो पुढच्या खोलीत उभा राहून फटके मारी आणि मग हात मोकळे सोडून वाट पाही. शिष्य मंद होता, पण चिकाटीचा. ठोके हळूहळू पात्याच्या मध्यावर येऊ लागले, त्यांतली घाई गेली. कोण आहे, कुठे आहे, हे प्रश्न वॉलेसने सुरुवातीला स्वतःला विचारले आणि नंतर सोडून दिले. उत्तर मिळालं तर कदाचित ठोके थांबतील, अशी एक धास्ती त्याच्या मनात घर करून होती. उना नव्हती, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं. उनाचे हात त्याने कुठेही ओळखले असते.

गुरुवारी जाणं बंद झालं. मैदानावर चार माणसांच्या बडबडीत शिष्याचा एखादा ठोका निसटून जाई, आणि ते त्याला सोसत नसे. काही गुरुवार असे गेल्यावर गिलक्रिस्ट खिम्याचे दोन पॅटिस घेऊन दारात उभा राहिला.

"मेलास की काय ते बघायला आलो," तो म्हणाला. "मेला असतास तर दोन्ही पॅटिस मीच खाल्ले असते."

"जरा बरं नव्हतं."

"दिसतोयस तर ठणठणीत. उलट तुकतुकी आलीय. कुणी बाई भेटली की काय तुला?" मग त्याला सरकवलेली टेबलं दिसली आणि गालिच्यावरचा चेंडू दिसला. त्याने पटर उचलला, दोन-तीन फटके मारले आणि तोंड वाकडं केलं. "हा तू पैसे देऊन घेतलास? अरे, हा मेलाय. लाकडाचा ओंडका हातात धरल्यासारखं वाटतं. पर्डीही तेच म्हणाला. पहिल्या दिवशी लागलं होतं ते पुन्हा कुणाच्याच हाताला लागलं नाही, म्हणून मॉराने दुकानात नंतर आलेले असले बाकीचे पटरही परत धाडले."

वॉलेस त्याच्या हातांकडे बघत होता. गिलक्रिस्टचा चेंडू समोर चांगला धावत होता, पण वॉलेसच्या तळहातात काहीच येत नव्हतं. मग गिलक्रिस्टने पटर खांद्यावर टाकला आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला, आणि नेमका तेव्हा ठोका आला. गोल, भरीव, सुरेख.

"हसतोस काय?" गिलक्रिस्टने विचारलं.

"काही नाही रे."

"या गुरुवारी ये. तू नसलास की पर्डी बोलतो, आणि ते ऐकावं लागतं." दाराशी जाऊन तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. "वॉलेस, एकटं फार राहू नये. खरंच सांगतो. ये."

"येतो," वॉलेस म्हणाला, आणि गेला नाही.

रविवारी एल्सपेथने विमानाचं विचारलं. हिवाळाभर तिच्याकडे राहायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. खोलीला नवा रंगही दिला होता तिने.

"या वर्षी नको म्हणतो," वॉलेस म्हणाला.

"बाबा, का पण?"

"इथे जरा काम आहे."

"काम?" ती म्हणाली. "तिथे आता कोण आहे तुमचं?"

त्याच क्षणी फोन धरलेल्या हातात एक ठोका आला, आणि उत्तर त्याच्या ओठांपर्यंत येऊन थांबलं. एल्सपेथ फोन ठेवताना रडत होती, हे त्याला फोन ठेवल्यावर जाणवलं.

ऑक्टोबर संपता संपता शिष्य मैदानावर गेला. वॉलेसला ते लगेच कळलं. एक लांब ठोका आला, चढ चढायला जोर दिलेला, आणि मागोमाग एक अगदी नाजूक, उताराला घाबरून मारलेला. बालकॅरनची पहिली हिरवळ अशीच दोन पायऱ्यांची होती, आणि तिथे प्रत्येक जण आयुष्यभर असंच खेळत आला होता. मग बराच वेळ काही नाही, चालत जाण्याइतका वेळ. मग दुसरी हिरवळ. वॉलेस स्वयंपाकघरात खुर्चीवर, मांडीवर तळवे उताणे ठेवून बसला आणि आपण जन्मभर चाललो तीच वाट कुणीतरी चालतंय हे हातांनी बघत राहिला. खिडकीतून शेवटची हिरवळ दिसत होती. ज्या दिवशी शिष्य तिथवर येई त्या दिवशी तो खिडकीशी उभा राही. हातात ठोका येई, समोर गवत रिकामं असे.

एकदा त्याने मॉराला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सकाळी कोण होतं मैदानावर?"

"या पावसात? कुणी नाही, डॉक्टर." ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "तुम्ही जेवताय ना नीट?"

नोव्हेंबरात एके दिवशी समुद्रावरून धुकं आलं आणि हटेना. मैदान बंद असल्याची पाटी लागली. दुपारचं जेवण झाल्यावर वॉलेसच्या हातात पहिल्या हिरवळीचा ठोका आला, एकच. चेंडू त्या एका फटक्यात चढ चढून खळग्यात गेला होता. दुसरीवर दोन. वॉलेस ताठ बसला. असा खेळ तो स्वतः कधी खेळला नव्हता. प्रत्येक ठोका मोजूनमापून घडवलेला, कुठे शंका नाही, कुठे घाई नाही. सोळाव्या हिरवळीवर लांबून एकच आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी पहिल्यांदा सायकलवर एकटी लांब गेली होती, तेव्हा आलं होतं तसं. सतरावीवर दोन. अठरावी समोरच होती, पण धुक्यात खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. लांबचा एक ठोका आला. मग जवळचा, लहानसा. मग शांत.

त्याच्याने राहवेना. तो होता तसाच, अंगात कोट न घालता, मागचं दार उघडं टाकून बाहेर पडला आणि धुक्यातून अठराव्या हिरवळीवर गेला. झेंडा जागेवर होता. गवतावर पाण्याचे बारीक कण दाटले होते आणि त्यावर चेंडूची रेघ नव्हती, पाऊल नव्हतं. फक्त त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे मागे उमटत आले होते. तरी त्याने धुक्याकडे तोंड करून "शाबास!" असं मोठ्याने म्हटलं. कुणी ओ दिली नाही, पण त्याला वाईट वाटलं नाही. तो तिथेच, थंडीत, हसत उभा राहिला.

तेव्हा पुन्हा ठोका आला.

अठराव्या हिरवळीनंतर खेळ संपतो. वॉलेसने हात पुढे धरले आणि ही कुठली हिरवळ, ते ताडून पाहिलं. ओलं गवत चेंडूला किंचित ओढून धरतं. इथे ती ओढ नव्हती. खाली काहीतरी कोरडं, लवदार होतं, आणि त्याच्याखाली लाकडाची फळी. पुढच्या खोलीतला गालिचा. फटका आखूड होता, समोर कुणीतरी बसलं असावं आणि गप्पांच्या ओघात त्याच्याकडे चेंडू हलकेच लोटावा, तसा.

थोडा वेळ गेला. मग पलीकडून चेंडू परत लोटल्याचा ठोका आला. हा हात निराळा होता. शेवटच्या क्षणी किंचित थबकणारा, म्हातारा, सरावाचा. वॉलेसला तो ओळखायला वेळ लागला नाही, कारण आयुष्यभर तो त्याच्याच मनगटांना जोडलेला होता.

त्याने घराकडे पाहिलं. धुक्यातून मागच्या दाराची उजेडाची चौकट तेवढी दिसत होती. बघता बघता ती अरुंद होत गेली, आणि गारठा घरात येऊ नये म्हणून लावतात तसं, आतून कुणीतरी दार अलगद लावून घेतलं.