ढांगीची टिचकी

सिनेमा ऐन रंगात आला असताना माझे बाबा खुर्चीतून उठले आणि भरल्या थिएटरात ओरडले, "ताई!"

मागून कुणीतरी "अहो काका, बसा की खाली" म्हणालं. बाबा बसले नाहीत. या माणसाला मी उभ्या जन्मात मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही. घड्याळं दुरुस्त करतात ते. आवाजसुद्धा चिमट्यात धरूनच बाहेर काढतात. आणि आता ते पडद्यावरच्या एका राक्षसिणीला ताई म्हणून हाक मारत होते. मला वाटलं, यांना काहीतरी झालं. मी त्यांचा हात धरला.

ती राक्षसीण माझी होती. म्हणजे मी हलवलेली. आमच्या स्टुडिओत पात्रांचे चेहरे कुणी काढतं, रंग कुणी भरतं आणि त्यांना चालवायचं, बसवायचं, रडवायचं काम आम्हा ॲनिमेटर मंडळींचं. सिनेमात मुख्य पात्रं दोन. पहिली ढांगी. डोंगराएवढी बाई, मुकी. तिनं पाऊल टाकलं की गावातली भांडी फुटतात, म्हणून गावानं तिला हाकललेलं. दुसरी, सावली नसलेली मुलगी. जिला सावलीच नाही तिचा काय भरवसा, म्हणून तिलाही हाकललेलं. या दोघींची मैत्री कशी होते, ती तुटते कशी आणि पुन्हा जुळते कशी, एवढाच सिनेमा.

गोड चेहऱ्याची मुलगी सगळ्यांनाच हवी होती. ढांगी कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मीही तिथे कुणाला नकोच होते. माझ्या जिभेला हाड नाही. पाठीमागे मला 'फटाकडी' म्हणतात आणि मला ते ठाऊक नाही असं समजतात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी येऊन बसत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सांगत असते. वाटतं.

पण ढांगी जमेना. आमच्याकडे पद्धत अशी, की पात्रानं जे करायचं ते आधी आपण कॅमेऱ्यासमोर करून पाहायचं आणि मग ते चित्रण समोर ठेवून एकेक हालचाल उतरवायची. संगणकाला वजन कळत नाही. ते माणसाच्या अंगातूनच घ्यावं लागतं. मी ढांगी होऊन पाय आपटत चालले. दिग्दर्शकबाई बघून म्हणाल्या, "ही राक्षसीण नाही वाटत गं. शेजारणीशी भांडायला निघालेली बाई वाटते."

सगळे हसले. मी चिडून खाली मान घातली, तेव्हा समोरून मावशी बादली घेऊन जाताना दिसल्या.

मावशी म्हणजे आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या बाई. कामाला लागून त्यांना फार दिवस झाले नव्हते. चांगल्या उंच, वयानं साठीच्या पुढच्या, आणि जिथे डोकं लागायची भीतीच नाही अशा दारातूनही वाकून जाणाऱ्या. पाऊल असं टाकायच्या, की फरशीला लागू नये. एवढं मोठं शरीर घेऊन जगात आल्याबद्दल माफी मागत चालल्यासारख्या. माझी ढांगी माझ्यासमोरून बादली घेऊन चालली होती!

"मावशी, जरा कॅमेऱ्यासमोर चालून दाखवता?"

"दाखवते की. फरशी वाळू दे आधी."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापासून आमचं सूत जमलं. त्या चालायच्या, उठायच्या, ओझं उचलायच्या. मी चित्रण करायची. मग माझ्या टेबलाशी बसून आम्ही चहा प्यायचो. माझ्या टेबलाशी दुसरी खुर्ची लागली म्हणून लोक वळून वळून बघायचे.

एक खोड मात्र त्यांना होती. टेबलावर माझा लहानपणचा एक फोटो आहे. बाबांच्या खांद्यावर बसून मी त्यांचे केस ओढते आहे. तो फोटो मावशी रोज पुसायच्या. बाकी टेबलावर धुळीचा थर असला तरी फोटो लख्ख. कधी विचारायच्या, "बाबांची तब्येत बरी असते ना? जेवण वेळेवर होतं का त्यांचं?"

"तुम्हाला हो काय करायचंय?" एकदा मी खेकसले.

त्यांना राग आला नाही. उलट म्हणाल्या, "मला मावशी म्हणत जाऊ नकोस."

"मग काय म्हणू?"

"सुचेल कधीतरी."

मग तो प्रसंग आला. दोघींचं भांडण झालंय आणि ढांगीला समेट करायचा आहे. ढांगीला बोलता येत नाही. तिनं करायचं काय? हात जोडून झाले, रडून झालं, फूल देऊन झालं. सगळं खोटं. माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

"मी दाखवू का करून?" मावशींनी विचारलं.

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. स्वतःच्या कपाळावर टचकन टिचकी मारली. चटका बसल्यासारखं ते बोट फुंकलं. मग एवढी उंच बाई गुडघे टेकून खाली बसली, कपाळ पुढे केलं, डोळे मिटले आणि तशीच थांबली.

"आता फुंकर मार," मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "इथे, टिचकी मारली तिथे."

मी वाकून फुंकर मारली. मावशींच्या गालावरून पाणी ओघळलं. मी मनात म्हटलं, काय अभिनय करते ही बाई!

"हे कुठून आणलंत?"

"लहानपणचं आहे. माझा राग विझला, तुझा राहिलाय का, असं विचारायचं. समोरच्याचाही विझला असेल तर त्यानं येऊन फुंकर मारायची. धाकट्याचं तोंड पोचावं म्हणून थोरल्यानं खाली बसायचं."

मी तो प्रसंग जसाच्या तसा उतरवला. बोटाचा बाक, डोळे मिटण्याआधीची ती छोटीशी धडपड, सगळं. दिग्दर्शकबाईंनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी मात्र एकच गोष्ट दोनदा विचारली, "सिनेमा बघायला तुझे बाबा येणार ना? नक्की येणार ना?"

आणि आज ते आले होते. सिनेमा लोकांसमोर जाण्याआधी आम्ही सगळे मिळून तो बघतो. ज्यांची नावं पडद्यावर येणार त्यांनी घरचं एक माणूस आणायचं, असा आमचा रिवाज. ढांगीनं कपाळावर टिचकी मारली, बोट फुंकलं, आख्ख्या दरीत गुडघे टेकून बसली, आणि बाबा उभे राहिले.

मी त्यांना ओढतच बाहेर आणलं. ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

"ते टिचकीचं कुणी दाखवलं तुला?"

"आमच्या सफाईवाल्या मावशींनी. का?"

"उंच आहे? वाकून चालते?"

"बाबा, झालंय काय?"

"मावशी नाही ती. तुझी आत्या आहे."

मला आत्या नव्हती. म्हणजे होती, पण मी जन्मायच्या आधीच वारली, असं मला घरात सांगितलेलं. तिचा एकही फोटो घरात नाही. आई असताना एकदा मी विचारलं होतं, तेव्हा आईनं बाबांकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली होती.

"आत्या तर वारली ना?"

"नाही वारली." बाबा पायरीकडे बघत होते. "वारली असं मी सांगितलं."

फटाकडी म्हणतात मला, आणि मी भिंतीला टेकून नुसती उभी.

बाबा तुकड्यातुकड्यांनी बोलले. तेव्हा ते मालाची गाडी चालवायचे. ताई शेजारी बसली होती. एका म्हाताऱ्याला धडक बसली. "मी थांबलो नाही गं. पाचावर धारण बसली होती माझी. तिनं चालत्या गाडीचं दार उघडलं, तेव्हा थांबावं लागलं." ताई धावत मागे गेली, म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. त्याचा पाय गेला, जीव वाचला. पोलिसांना बाबांनी सांगितलं, गाडी चोरीला गेली होती. ताईनं खरं काय ते सांगितलं.

"तुरुंगात होतो मी," बाबा म्हणाले.

माझ्या बाबांनी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला मी कधी बघितला नाही. त्यांचे डोळे कमजोर आहेत, असं घरात सांगायचे. कमजोर डोळ्यांचा माणूस दिवसभर घड्याळातले केसाएवढे स्क्रू बसवतो, हे मला आजवर एकदाही खटकलं नव्हतं!

"मग डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"आणि तिला घराबाहेर कुणी काढलं? आजोबांनी?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "मी. सुटून आलो आणि तिची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली. घरभेदी म्हणालो. पुन्हा दिसलीस तर बघ, म्हणालो. नाही दिसली."

आत थिएटरात टाळ्या वाजत होत्या. ढांगीला सावली नसलेल्या मुलीनं फुंकर मारली असणार. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मावशींना बोलावलंच नव्हतं. मीच काय, कुणीच नाही. पडद्यावर त्यांचं नाव येणार नव्हतं, म्हणून त्यांना निमंत्रण नाही. हाकललेल्यांची गोष्ट सांगायला आम्ही एवढी माणसं राबलो आणि जिच्या अंगातून ढांगी काढली तिला आम्ही दाराबाहेरच ठेवलं होतं. मला माझीच किळस आली.

"उठा. चला."

"कुठल्या तोंडानं जाऊ गं मी?"

"एकच आहे ना तुम्हाला? तेच घेऊन चला."

आम्ही स्टुडिओत आलो. आज आम्हाला सुट्टी होती, मावशींना नव्हती. सगळा मजला रिकामा, निम्मे दिवे बंद. टेबलांच्या मधल्या वाटेत मावशी फरशी पुसत होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर नवे कपडे. एकटीच कामावर आणि नवे कपडे! सिनेमाची वेळ त्यांना ठाऊक होती.

दार वाजलं तशी त्यांनी मान वर केली. बाबांना बघितलं. दांडा हातात तसाच राहिला.

"पेपरात आला होता हिचा फोटो, सिनेमाचं काम सुरू झालं तेव्हा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, नाक तर आपल्या घरातलं. मग इथे काम मागितलं." जणू बाबांनी काही विचारलं होतं.

बाबांनी काही विचारलं नव्हतं. ते ओल्या फरशीवरून तिच्यापर्यंत गेले. खरं म्हणजे सिनेमातून विचारून झालं होतं तिचं, आता बाबांनी फक्त फुंकर मारायची होती. पण त्यांनी स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारली, बोट फुंकलं, गुडघे टेकले आणि कपाळ पुढे करून डोळे मिटले. धाकटा खाली बसला होता.

आत्यानं दांडा भिंतीला टेकवला. हात कपड्यांना पुसले. आणि बाबांच्या अशी सणसणीत थोबाडीत मारली, की आख्ख्या रिकाम्या मजल्यावर आवाज घुमला.

मी किंचाळले. बाबा हलले नाहीत.

आत्या आपल्या तळहाताकडे बघत होती. माझ्यापेक्षा तिलाच जास्त धक्का बसला असावा. "मला वाटलं होतं, सगळा विझला," ती हळूच म्हणाली. "थोडा राहिला होता."

मग ती वाकली. गाल लाल झाला होता, पण तिनं कपाळावर, टिचकी मारली होती नेमकं तिथेच, फुंकर मारली. बाबा लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले.

"ऊठ आता. कपडे भिजले सगळे," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय गं? सुचलं का काही?"

मी तोंड उघडलं. एवढं सगळं कळूनही, सवयीनं बाहेर आलं ते "मावशी"च.

"म्हणजे मी अजून मावशीच! फुकट गेली ती थोबाडीत," आत्या म्हणाली आणि ताठ उभी राहून हसली. ती एवढी उंच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.