नळ आले

लातूरहून बदली होऊन गुहागरला आले आणि खोली शोधता शोधता चपला झिजल्या. समुद्र दिसत असला की भाडं अव्वाच्या सव्वा, आणि बाई एकटी राहणार म्हटलं की नकार. शेवटी मासळी बाजारामागं परवडेल अशी खोली सापडली. घरमालकीणबाई कौतुकानं खिडकी उघडून समुद्र दाखवू लागल्या.

मी म्हणाले, "ते राहू द्या, काकू. नळ किती दिवसांनी येतात?"

"दिवसांनी? रोज येतं की पाणी!"

असं सगळेच घरमालक म्हणतात. मी बाजारातून ड्रम, बादल्या, दोन घागरी आणल्या.

सकाळी नळ सुटला तशी सवयीनं ओरडले, "नळ आले, उठा लवकर!" घरी एवढ्यावर आई घागर घेऊन पळते, अण्णा पाईप जोडतात आणि पहिली बादली कुणाची यावरून धाकटी सुकन्या माझ्याशी भांडते. इथं कुणीच उठलं नाही. सगळं मीच भरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आलं. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. मी घागर उचलायला गेले, तर मी वापरलेली एक बादली सोडून कालची सगळी भांडी काठोकाठ तशीच होती.