बेबाबाई अक्कांचं शटर

सावद्यात बेबाबाई अक्कांच्या पिठाच्या गिरणीला मी नवं शटर बसवत होतो. त्यांचे यजमान, रतिलाल नाना, नेमके स्प्रिंगखाली उभे.

“नाना, बाजूला व्हा! पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडेल,” मी खेकसलो.

“नूरभाई, आणखी दोन पीळ दे. झटकन वर जाईल.”

“मग खाली कोण ओढणार?”

बोल्ट आवळून मी शटर अर्ध्यावर सोडलं. ते तिथंच थांबलं. तोल बरोबर होता.

जुनं शटर जड, म्हणून नाना उठेपर्यंत अक्का रोज किल्ली घेऊन ओट्यावर बसायच्या. आज त्यांनी एका हातानं शटर वर केलं, खाली ओढलं, पुन्हा वर केलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “उद्यापासून खुशाल झोपा.”