मबरूका माझ्यावर उभी राहिली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, समुद्रापासून दोन गल्ल्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला मला बसवले. पावसाचे पाणी खालच्या नळात सोडायचे, नळाने ते समुद्राला पोहोचवायचे, एवढेच आमचे काम. एकदा फार मोठा पाऊस झाला, तरी कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही. तेव्हा समोरचा न्हावी म्हणाला होता, "शाबास गं म्हातारे!" मी किती सुखावले होते!

मबरूका रोज ओहोटीला विळा आणि बादली घेऊन माझ्यावरून जायची. नवरा गेल्यावर वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढून तिने एकटीने घर चालवले.

ऑलिव्हचा हंगाम आला, की तेलाच्या घाण्याची टाकीवाली गाडी भर दुपारी यायची आणि घाण्याचे काळे, आंबूस पाणी चोरून माझ्यात ओतायची. मला तोंड मिटता येत नसे. एके दिवशी मबरूकाने ते पाहिले. गाडीवर तिच्या बहिणीचा मुलगा लमीन होता.

"मेल्या, माझ्या तिसऱ्या मारतोस होय रे?"

"मावशी, ओरडू नकोस. शहराबाहेरच्या सांडपाण्याच्या तळ्यावर न्यायला मालक डिझेल देत नाही."

"मग मालकाच्या अंगणात ओत की! इथे नाही."

ती दोन्ही पाय रोवून माझ्यावर उभी राहिली. लमीनने मान खाली घालून नळी गुंडाळली. मला वाटले, सुटले! पण तो कोपऱ्यापलीकडच्या जाळीपाशी गेला. आमचा नळ एकच. थोड्याच वेळात काळे पाणी माझ्याखालून खळखळत गेले. मबरूकाने तो आवाज ऐकला. तरी बराच वेळ ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला तिसऱ्या मेलेल्या मिळाल्या, तोंड वासलेल्या. तिने तक्रार केली. नगरपालिकेचे साहेब माझ्यापाशी आले.

"गाडी कोण चालवत होतं, बाई?"

तिने बादली खाली ठेवली. मग हलकेच म्हणाली, "लमीन. माझ्या सख्ख्या बहिणीचा."

लमीनची नोकरी गेली. बहिणीने बोलणे टाकले. घाण्याच्या मालकाला मात्र नुसती समज मिळाली.

आता नवा ड्रायव्हर येतो. तेच काळे पाणी माझ्यात ओतताना शीळ घालतो. मबरूका दूरच्या किनाऱ्यावर जाते, इकडे फिरकत नाही.

मित्रांनो, जाळीत ओतलेले दिसेनासे होते, संपत नाही. मला अडवता येत नाही, सांगताही येत नाही. तुम्हाला येते. एखादी बाई जाळीवर एकटी उभी दिसली, तर पुढे जाऊ नका. तुमच्यातल्या एकाने तिच्या शेजारी उभे राहा, आणि दुसऱ्याने धावत जाऊन पलीकडच्या जाळीवर.