सर टॅबलेटपुढे बसतात

लोकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेण्यात सरांचा अख्खा जन्म गेला, आणि आता स्वतःच परीक्षेला बसायची पाळी आली. कारण अगदीच क्षुल्लक, असं सरांचं म्हणणं. एकाच पेशंटची एकच चाचणी त्यांनी एका सकाळी दोनदा घेतली, एवढंच! बायकोने मात्र दवाखान्याची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"आधी चाचणी द्या, मग किल्ली."

"मी? चाचणी? अगं, मला सगळं तोंडपाठ आहे!"

तिथेच तर गोम होती. पण फुशारकी मारताना ती कुणाला दिसते?

चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई सरांच्याच विद्यार्थिनी. टेबलावर कागद नाही, पेन्सिल नाही, नुसता टॅबलेट. कॉम्प्युटरवरच्या चाचण्यांना सरांनी कायम नाकं मुरडली होती. आज ते खोकं सूड उगवणार, हे उघडच होतं. त्यातून आवाज आला, "हे शब्द लक्षात ठेवा. टोपी, विहीर, चमचा, खिडकी, बदक." मग पडद्यावरचे आकडे क्रमाने जोडायचे होते. सरांचं बोट कोरडं, पडदा दाद देईना. त्यांनी बोटाला थुंकी लावली.

"सर, थुंकी नको," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या.

"तुला पास मीच केलंय, विसरू नकोस."

विसरू नकोस म्हणे! सरांना स्वतःचंच हसू आलं.

आकडे संपले. "मघाचे शब्द सांगा," टॅबलेट म्हणाला. सर खुर्चीत ताठ झाले. हा तर त्यांच्या हातचा मळ!

"कात्री, घोडा, पूल, बटाटा, शिट्टी!" एका दमात, कुठेही न अडखळता.

सरांनी टॅबलेटकडे विजयी नजर टाकली.

"काय, आहे की नाही डोकं शाबूत?"

"सर, ही आपल्या जुन्या कागदी चाचणीतली यादी. आत्ताचे शब्द कोणते होते?"

सरांनी आठवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. तो मेला घोडा काही केल्या बाजूला होईना.

"हे तुमचं मशीनच..." त्यांनी सुरुवात केली, पण ते त्यांनाच पटेना.

डॉक्टरीणबाईंनी टॅबलेट उपडा ठेवला. "छान झालं, सर. तुम्ही जरा बाहेर बसता? घरच्यांना आत पाठवा."

निकाल वाईट आला की हे वाक्य कसं म्हणायचं, ते सरांनीच तिला शिकवलं होतं. आवाज सहज ठेवायचा, पेशंटकडे बघून हसायचं. पोरीने अगदी तसंच केलं होतं. सरांनी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि बाहेर बसलेल्या बायकोला बोलवायला उठले.