कांद्याचा कौल

मी चिमटा बोलतोय. कमीच बोलेन. तोंड उघडलं की काहीतरी पडतं, हे मी जन्मभर पाहिलंय.

हातभर लांब आहे, अस्सल पोलादी. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही, त्याचं दुःखही नाही. कुरिंबा गावातल्या हत्यारांच्या दुकानात मी फावड्यांशेजारी टांगलेला होतो. मर्विन ट्रँटर नळाचा वॉशर घ्यायला आला. प्लंबर माणूस. मला हातात घेतलं, दोनदा वाजवलं. टक टक. "चालेल," म्हणाला. सोयरीक जमली. वॉशर मात्र तो विसरला.

तेव्हापासून काहीही उचलण्याआधी मला दोनदा वाजवायचं, हा त्याचा नेम. या देशात सगळेच तसं करतात. का, ते कोणालाच माहीत नाही. मीही विचारलं नाही.

मला शाळा नाही. पण शाळेच्या फाटकाशी बरंच आयुष्य गेलं. मतदान असलं की तिथे आमची शेगडी लागते. मत द्यायचं, पावात सॉसेज घ्यायचं, घरी जायचं. सॉसेज न खाता परतलेला माणूस अर्धंच मत देऊन आल्यासारखा दिसतो. मर्विन भाजतो. त्याची बायको ग्लेनिस शेजारच्या टेबलावर केक विकते. मासे तळायचं दुकान असलेला कॉस्टा कांदा चिरतो. चिरताना तो रडत नाही, आणि ते दर वेळी सांगतो.

मर्विनने चाळीस वर्षं गावाच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या आणि उरलं ते बँकांच्या शेअरमध्ये घातलं. निम्मे शेअर त्याच्या नावावर, निम्मे ग्लेनिसच्या. त्यांचा लाभांश आणि त्यावर सरकारकडून परत मिळणारा कर, यावर दोघांचं म्हातारपण चालायचं.

त्या निवडणुकीत विरोधी पक्ष म्हणाला, आम्ही आलो तर हा करपरतावा बंद. झालं. शेअर घसरायला लागले. एक पुढारी शिंकला की खाली, दुसऱ्याने नाक पुसलं की वर. वर्तमानपत्रं लोकांना फोनवर मत विचारून सांगत होती की सरकार जाणार. मर्विनचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"फोनवर कोणी विचारलं तर मीसुद्धा खोटंच सांगतो," तो म्हणायचा. "भुकेला माणूस खोटं बोलत नाही."

त्याचा हिशेब वेगळा होता. सुखी माणूस कांदा मागत नाही. चिडलेला माणूस म्हणतो, घाल, अजून घाल. म्हणून कांदा दुपारी बाराच्या आत संपला तर सरकार पडणार, उरला तर तरणार. तीन निवडणुका हा कौल खरा ठरला होता, आणि तिन्ही वेळा तो माझ्या तोंडून आला होता. मी छाती फुगवली नाही, कारण मला छाती नाही.

मतदान शनिवारी. पण म्हातारी मंडळी आधीच उरकून घेतात, म्हणून शुक्रवारीही स्काउटांच्या हॉलबाहेर शेगडी लागणार होती. शुक्रवारी बाजार उघडा असतो. मर्विनने ठरवलं, कांदा बाराच्या आत संपला तर त्याच दुपारी सगळे शेअर विकायचे.

"माझे नाही," ग्लेनिस म्हणाली.

"दोघांच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे, ग्लेन."

"म्हणूनच. माझं म्हातारपण मी कांद्यावर लावणार नाही."

आता खरं सांगतो. त्याच सुमारास माझ्या सांध्यातला रिव्हेट ढिला झाला होता. पूर्वी मी कांद्याचा मोजका घास उचलायचो. आता तोंड वाजवीपेक्षा जास्त फाकायचं आणि दुप्पट यायचा. मी ते कोणाला कळू दिलं नाही. मोडका म्हणवून घेणं मला जमत नाही.

शुक्रवारी रांगेतली पहिलीच बाई पाव उघडून म्हणाली, "यात सॉसेज कुठंय?"

मर्विन कॉस्टाच्या कानाला लागला. "बघितलंस? चिडलीय."

"ती कांद्यावर चिडलीय, मर्व."

"सुरुवात अशीच होते."

मागून निवृत्त पोस्टमन आला. त्याला कांदा नको होता. मर्विनचा चेहरा जरा उजळला. पण पोस्टमनमागे बारा जण होते, आणि मी होतो. टक टक, ढीग. टक टक, ढीग. सव्वाअकराला घमेलं रिकामं झालं. तव्यावर चार जळके तुकडे उरले.

"मला तू डोंगर वाढलास," ग्लेनिस म्हणाली. "मी मागितलाही नव्हता."

"लोकांच्या मनातलं बाहेर येतंय."

"मनातलं नाही. त्या चिमट्यातलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चकाकलो. दुसरं काय करणार? तोवर मर्विनने दलालाला फोन लावला होता.

"माझे सगळे विक. हो, आत्ता. का म्हणजे? कांदा संपला."

पलीकडून दलालाने दबक्या आवाजात विचारलं, "पूर्ण संपला?"

तेव्हा मात्र मला राहवेना. चूक माझी होती. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. सॉसेज खाली पडलं, आणि मॅग्पाय पक्षी ते घेऊन उडाला. माझी साक्ष तेवढीच.

शनिवारी सरकार तरलं. सोमवारी बँकांचे शेअर असे उसळले की दलालानेही फोन उचलला नाही.

मर्विन व्हरांड्यात बसला होता. चहाला हात लावला नव्हता. ग्लेनिस मला घेऊन आली, त्याच्यासमोर धरलं आणि सोडलं. माझे दोन्ही पाय लाज सोडून फाकले.

"हा तुझा अर्थतज्ज्ञ," ती म्हणाली.

तो सांध्याकडे बघत राहिला. "तीन वेळा बरोबर आलं होतं."

"तीन वेळा हा घट्ट होता."

"माझे निम्मे गेले, ग्लेन. आता त्या पैशात तेवढे परत येणार नाहीत."

"येतील तेवढे घे. बाकी माझ्या निम्म्यावर दोघं जगू. समुद्रकाठची सहल पुढच्या वर्षी." तिने त्याचा थंड चहा झाडाला घातला. "आणि आठवडाभर या घरात कांदा शिजणार नाही."

मर्विनने हातोडी आणली. मला वाटलं, भंगार. पण त्याने रिव्हेटवर दोन घाव घातले, पुसलं आणि खिळ्याला टांगलं. मला ते आवडलं.

आता मी शेडमध्ये असतो. अंगावर गंज नाही, सांधा ठीक आहे. निवडणूक पुन्हा जवळ आलीय. या वेळी दुसराच कुठला कर काढलाय, आणि बाजार पुन्हा शिंका मोजतोय. मला राजकारण कळत नाही. तुम्हाला एकच सांगतो. सॉसेज केव्हा उलटायचं ते मला विचारा. दुसरं काही विचारू नका.

काल मर्विन शेडमध्ये आला. दार लोटून घेतलं.

"मर्व," ग्लेनिस स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याच्याशी बोलू नकोस."

"मी वॉशर शोधतोय."

त्याने मला खिळ्यावरून काढलं, दोनदा वाजवलं आणि कानाशी धरलं.