मनगटाचा पट्टा

सौसरच्या लग्नात रजनीची काळी पोत तुटली. त्याचं खापर सगळ्यांनी मिळून कॅमेऱ्यावर फोडलं, पोतीत मात्र कोणाला काही दोष दिसला नाही. शिवाय 'तुटली' असं कोणी म्हणेना. सवाष्णीची पोत तुटत नसते, ती 'वाढते'. म्हणजे गळ्यातून निखळून मणी चौफेर उधळले तरी म्हणायचं काय, तर पोत वाढली.

पांढुर्ण्याला बसस्टँडच्या मागे श्रीकांतचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात श्रीकांत व्हिडिओ काढतो आणि त्याची बायको रजनी फोटो. बारा वर्षं हेच चाललं आहे. बोर्डावर नाव एकट्या श्रीकांतचं, पण लोक बुकिंगला आले की आधी विचारतात, "मॅडम येतीन ना?" श्रीकांत "येतीन, येतीन" म्हणतो आणि दोन दिवस गाल फुगवून बसतो.

सौसरला झालं ते असं. सप्तपदीला नवरीच्या पावलांचा फोटो घ्यायला रजनी वाकली. कॅमेऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लांबी कमी-जास्त करायची एक प्लॅस्टिकची कडी असते, ती पोतीत अडकली. ती नेहमीच अडकायची. पोत ब्लाउजच्या आत खोचली तरी चार वेळा वाकलं की बाहेर यायचीच. या वेळी रजनी झटक्यात उभी राहिली आणि काळे मणी सात पावलांच्या तांदळात जाऊन पडले. नवरीची आत्या किंचाळली. श्रीकांतनं व्हिडिओ थांबवून सगळ्यांना हात जोडले, जशी काही बायकोनं चोरीच केली होती. मणी वेचायला खाली बसली ती एकटी रजनी.

घरी सासूबाई, केसरबाई, भाजी चिरत होत्या. त्यांनी निकाल देऊन टाकला.

"कॅमेरा गळ्यात घालाचा नाई आता."

"मंग पोत घरी ठेवून जाते, आई. कामापुरती."

केसरबाईंच्या हातातला चाकू थांबला. "नवरा सामने उभा हाय, न पोत घरी? लोकं काय म्हणतीन वं?"

श्रीकांतनं त्याहून सोपा उपाय काढला. "फोटो अंकुर काढीन. तू घरी अल्बम पाह्य."

अंकुर हा रजनीचा दीर. तिशीला आलेला. मोबाईलचं दुकान बंद पाडून सहा महिने झाले होते, आणि तेव्हापासून तो स्टुडिओतल्या पंख्याखाली बसून असायचा. त्यानं काढलेल्या फोटोत नवरी धूसर आणि मागचा कूलर स्पष्ट यायचा. पण त्याच्या गळ्यात पोत नव्हती, एवढी लायकी घरच्यांना पुरेशी होती.

रजनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हातान्हात उभं राहून, मांडवातल्या धुरात डोळे चोळत, बारा वर्षांत हे काम ती शिकली होती. फोकस कुठे धरायचा हे श्रीकांतला आजही तिला विचारावं लागायचं. आणि त्या सगळ्याची किंमत एका प्लॅस्टिकच्या कडीएवढी?

"पुढचं बोरगावचं लगन मीच करीन," ती म्हणाली. "गळ्यात नाई घालत. मनगटाले बांधीन कॅमेरा."

श्रीकांतनं अंकुरकडे पाहिलं. "ठीक हाय. लेकिन बोरगावले पुन्हा काई झालं, तर कॅमेरा अंकुरच्या हातात. मंग रडाचं नाई."

"नाई रडत," रजनी म्हणाली. रडायचा तिचा विचारच नव्हता. तिला दोघांची टाळकी एकमेकांवर आपटायची होती.

मग मनगटाच्या पट्ट्याची शोधाशोध सुरू झाली. बाजारातल्या दुकानदारानं तिच्यासमोर नाडीसारखी एक दोरी ठेवली. "लेडीजसाठी हेच चालते, नाजूक." कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश मिळून दीड किलोच्या वर वजन होतं, आणि ते लेडीजच्या हातात आल्यावर कमी होत नव्हतं. हे तिनं दुकानदाराला सांगितलं, तर तो हसला. दुसरा पट्टा तिनं ऑनलाइन मागवला. तो गुलाबी निघाला, वर चकचकीत हूक. पाण्याची मोठी बाटली भरून तिनं ती स्टुडिओच्या खिळ्याला त्या पट्ट्यानं टांगली. दहा मिनिटांत हूक उघडला आणि बाटली अंकुरच्या पायाशी येऊन फुटली.

"वहिनी, पाहा बरं, माह्या डोक्यावर पाडान," अंकुर दात काढत म्हणाला.

"पुढच्या वेळेस नेम धरून पाडते," रजनी म्हणाली.

शेवटी ती श्रावणभाऊकडे गेली. श्रावणभाऊ बाजाराच्या कोपऱ्यावर मशीन टाकून शाळेची दप्तरं आणि संत्रा तोडणाऱ्यांच्या झोळ्या शिवतो. त्यानं बाई, लेडीज, नाजूक यातला एकही शब्द उच्चारला नाही. त्यानं विचारलं, "वजन किती?" मग विचारलं, "बटन कोन्त्या बोटानं दाबता?" आणि तिच्या उजव्या मनगटापासून कॅमेऱ्याला पट्टा ओवायच्या कडीपर्यंतचं अंतर सुतळीनं मोजलं. पट्टा लांब झाला तर कॅमेरा लोंबकळून गुडघ्यावर आपटणार, आखूड झाला तर बोट बटनापर्यंत पोचणार नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

त्यानं मनगटाला दोन बोटं रुंद सुती नवार घेतली, कारण बारीक दोरी कातडीत रुतते. कॅमेऱ्याची कडी अरुंद, म्हणून तिथे मेण लावलेली पीळदार दोरी दुहेरी ओवली. मध्ये चामड्याचा एक सरकता तुकडा बसवला. मग शेजारच्या कांदेवाल्याचं पाच किलोचं वजन आणून पट्ट्याला टांगलं आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा वजन तसंच लटकत होतं.

"हातातून सुटला तरी खाली नाई जात," तो म्हणाला. "जितका ओढला तितका आवळते. काढाचा असन तर हे चामडं मांगं सरकवाचं. ते तुमचं तुमालेच जमते, दुसऱ्यानं ओढून नाई निघत." मग तिच्या हाताकडे पाहून तो थोडा अडखळला. "तेवढं बांगड्यांचं पाहून घ्या, ताई. पट्टा त्याच जागी येते."

रजनीच्या हातात डझन-डझन काचेच्या बांगड्या होत्या. कलाबाई कासारीण दर सणाला येऊन त्या भरून जायची, आणि केसरबाईंच्या हुकमानं इतक्या घट्ट भरायची की साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत.

"उजव्या हाताच्या काढते, आई. फोटोपुरत्या."

"एका हाताच्या काढते काय वं कोनी? डाव्या हाताले बांध ना तो पट्टा."

"बटन उजवीकडं हाय."

"मंग कंपनीले सांग, डावीकडं कर म्हणा."

रजनी मागच्या दारी जाऊन उभी राहिली आणि दातओठ खात नळाची तोटी उगाच उघडबंद करत राहिली. गळा पोतीचा, मनगट बांगड्यांचं. आपल्या अंगातलं आपल्या वाट्याला नेमकं काय आलं आहे, ते तरी एकदा सांगून टाका, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं. पण बोरगावचं लग्न परवावर आलं होतं. भांडणात हात गुंतवून चालणार नव्हतं.

तिनं तोड काढली. बोरगावला निघताना उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे चढवल्या, वरून रुमाल करकचून बांधला आणि मोकळ्या मनगटावर पट्टा चढवला.

पट्टा झकास चालला. वरात आली तेव्हा नाचणाऱ्या एका गड्याचं कोपर तिच्या हातावर बसलं, कॅमेरा तळव्यातून निसटला आणि मनगटाला लटकून राहिला. जमिनीपासून दोन हात वर. तिनं तो नुसता वर घेऊन पुन्हा डोळ्याला लावला. पोत ब्लाउजच्या आत शांत होती. मानेवर ओझं नव्हतं. बारा वर्षांत आपण हे आधीच का केलं नाही, म्हणून तिला स्वतःचाही राग आला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला गेला. पाहुण्यांच्या डोक्यांवरून फोटो घ्यायला रजनी हात उंच करून थांबली, खाली आणला, पुन्हा उंच केला. या चढउतारात रुमाल सुटला आणि बांगड्या घसरून पट्ट्यावर येऊन आदळल्या. एक पिचकली. काच मनगटात घुसली.

शेजारी बसलेली नवरदेवाची मावशी मोठ्यानं म्हणाली, "अवं बाई, बांगडी वाढली वं तुही!"

चार पावलांवर श्रीकांत व्हिडिओच्या स्टँडपाशी होता. त्यानं ऐकलं. तो तरातरा आला. मागोमाग याचसाठी सोबत आणलेला अंकुर, हात पुढे करूनच.

"दे इकडं," श्रीकांत म्हणाला.

"अंतरपाट धरला हाय. पाच मिनिटं थांबा."

"ठरलं होतं ना? काई झालं तर अंकुर. दे!"

"लगन लागू द्या. मंग बोला."

श्रीकांतला चारचौघांत बायकोचं 'थांबा' सहन झालं नाही. त्यानं लेन्सला हात घातला आणि कॅमेरा ओढला. पट्टा आवळला.

"सोड म्हणतो ना!"

"मी धरलाच नाई. पट्टा हाय. तुमीच सोडा."

त्याला ते खोटं वाटलं. त्याला वाटलं, ही हट्टानं धरून बसली आहे. त्यानं दोन्ही हातांनी कॅमेरा धरला आणि सगळा जोर लावून हिसका दिला. नवार मनगटात रुतली, चामडं सरकलं, आणि त्याच्यात सापडलेल्या बांगड्या एकामागून एक कडाकड फुटल्या. एकही उरली नाही. हिरव्या-लाल काचा सतरंजीवरच्या अक्षतांमध्ये पडल्या.

भटजींचा सूर लांबला आणि सावरला. आसपासच्या वीसपंचवीस माणसांनी पाहिलं होतं. बायकोचं मनगट, नवऱ्याचे दोन हात आणि मांडवात फुटलेल्या बांगड्या. मावशीनं पदर तोंडाला लावला. आता 'वाढली' म्हणायला तिला तोंडच उघडेना. अंकुरनं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

श्रीकांतनं कॅमेरा सोडला. तो पट्ट्याला लटकत राहिला.

रजनीच्या मनगटावरून रक्ताची बारीक धार तळव्यात उतरत होती. तिनं ती पदराला पुसली.

"झालं समाधान? बारा वर्षं मी तुमच्या नावाच्या बोर्डाखाली उभी हाय. पोत तुटली त माहा कॅमेरा वाईट. बांगडी फुटली त माहा हात वाईट. आता ह्या कोनं फोडल्या, ते सांगा साऱ्याईले. नाई सांगत? मंग सरका बाजूले. नवरीवर सावली पडून राहिली तुमची."

श्रीकांत सरकला. त्याच्यामागे अंकुरही सरकला.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला. रजनीनं उजवा हात उचलला. नवरी क्षणभर नवरदेवाकडे न बघता सरळ रजनीच्या मनगटाकडे बघत होती, मग तिनं मान वळवली आणि माळ उचलली. रजनीनं एकही फोटो चुकवला नाही. पट्ट्याची पांढरी नवार तोवर काठाकाठानं लाल झाली होती.

दिवेलागणीला ते घरी पोचले. केसरबाई दारातच होत्या. त्यांची नजर पहिल्यांदा गळ्याकडे गेली. पोत जागेवर होती. मग नजर मनगटाकडे उतरली.

"बांगड्या कुठी हायेत?"

"फुटल्या."

"असं म्हणू नाई वं..."

"फुटल्या, आई. तुमच्या पोरानं फोडल्या. भर मांडवात, दोन्ही हातांनी."

केसरबाईंनी श्रीकांतकडे पाहिलं. "काय म्हणून राहिली ही?"

"आई, तो पट्टाच असा हाय, सुटतच नाई..."

"पट्टा ओढत नसते," रजनी म्हणाली. "ओढनारा हात कोनाचा होता, तेवढं सांगा."

श्रीकांत बूट काढायला खाली बसला आणि नाडीची गाठ बराच वेळ सोडत राहिला. केसरबाईंनी अपशकुनाचा शब्द ओठांवर आणला असेल, पण तो ठेवायचा कोणाच्या डोक्यावर हे त्यांना कळेना. सवाष्णीच्या बांगड्या नवऱ्यानंच फोडल्या, याला त्यांच्याकडे उपायच नव्हता.

सकाळी त्यांनी घाईघाईनं कलाबाईला बोलावून घेतलं. मोकळा हात बघवत नव्हता. कलाबाईनं ओसरीत टोपली उतरवली, हिरव्या बांगड्यांचा तोडा काढला आणि उजव्या हातासाठी हात पुढे केला. रजनीनं डावा पुढे केला.

"हा त भरलेलाच हाय," कलाबाई म्हणाली. "उजवा दे."

"उजवा कामाचा हाय. त्याच्यात पट्टा राहीन." रजनीचा राग रात्रीतून तसूभरही उतरला नव्हता. "डाव्यात अजून दोन मावत असतीन त भर, नाई त टोपली उचल."

कलाबाईनं केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाईंनी तोंड उघडलं. आत श्रीकांत आरशासमोर दाढी करत होता, तो थांबला. ओसरीत रजनी पट्टी बांधलेलं मनगट मांडीवर ठेवून सासूच्या डोळ्यांत बघत होती.

"भर," केसरबाई म्हणाल्या. "डाव्यातच भर."